पहिलीसाठी जिल्हा परिषद की खासगी? अबोल मुलाबद्दल मदत हवी आहे

मुलगा सहा वर्षांचा, जूनमध्ये पहिलीत. घरी अखंड बडबड, बाहेर मात्र तोंडाला कुलूप. कान तपासलेत, बोलण्यात दोष नाही. अंगणवाडीच्या ताईंना मान हलवूनच उत्तरं द्यायचा.

तालुक्याच्या इंग्रजी शाळेत 'ओळख' म्हणून बोलावलं (शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी चाचणी घ्यायला मनाई आहे, असो). तिथे तो दप्तराची चेन उघडझाक करत बसला. वर्गात चाळीसेक मुलं, बसचा प्रवास मोठा. फी ओढूनताणून जमेल. २५ टक्के राखीव जागांत नंबर लागला नाही.

गावातली शाळा सेमी-इंग्रजी, चौथीपर्यंत, दोनच शिक्षक. बाईंनी त्याच्यापुढे चिंचोके ओतले आणि काही विचारलंच नाही. थोड्या वेळाने हा आपणहून मोजायला लागला! माझा कल तिकडेच आहे. पण त्यांची बदली कधीही होऊ शकते आणि पहिली-दुसरी एकत्र बसते.

इंग्रजी कच्चं राहील का, हा प्रश्न नाही. ज्यांची अबोल मुलं अशा दोनशिक्षकी शाळेत शिकली, त्यांनी सांगा: जोडवर्गात ती खुलली की मागेच पडली? आणि पाचवीला मोठ्या शाळेत कशी रुळली?