मुलांचा कर्करोग : खान्देशातील कुटुंबांचे अनुभव

निमंत्रण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील ज्या कुटुंबांनी घरातल्या लेकराचा कर्करोग पाहिला आहे, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, असे आम्ही मनापासून निमंत्रण देत आहोत. सप्टेंबर हा बालकर्करोगाविषयीच्या जागृतीचा महिना म्हणून जगभर पाळला जातो. परंतु मुंबईला जाताना काय बरोबर नेले, धाकट्याला कोणापाशी ठेवले, पैसे कसे उभे केले आणि गावातल्या बोलण्याला काय उत्तर दिले, हे फलकांवर मावत नाही. ते ज्याने भोगले त्यानेच सांगावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली राहते. या तफावतीमागे निदानाला होणारा उशीर, चुकलेले निदान आणि मध्येच सुटलेले उपचार ही मोठी कारणे आहेत. म्हणून उपचार सुरू कसे झाले याबरोबरच ते शेवटपर्यंत कशामुळे टिकले, हेही सविस्तर लिहावे. नाव लिहू नये. तालुका आणि मुलाशी असलेले नाते पुरेसे आहे.

आई, रावेर तालुका

माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा ल्युकेमियाचा प्रकार, ज्याला डॉक्टर ‘ए. एल. एल.’ म्हणतात, तोच तिला होता. आधी ताप यायचा, औषधाने उतरायचा आणि आठवड्याने पुन्हा यायचा. ती पांढुरकी दिसू लागली, खेळायला जाईना आणि पायांवर मार न लागता काळेनिळे डाग दिसू लागले. रक्त वाढावे म्हणून गावात टॉनिक दिले गेले. पुढे जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची साधी तपासणी करून घेतली, अहवाल पाहिला आणि एकही दिवस न घालवता मुंबईला जायला सांगितले. त्यांनी त्या वेळी गोळ्या देऊन थोपवले नाही, याचे मोल मला नंतर कळले. निदान होण्याआधीच स्टिरॉइड दिले गेले तर आजार काही काळ दबतो आणि तपासणीत नीट सापडत नाही, असे मुंबईत परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयातील डॉक्टरांनी आम्हाला समजावले.

मुलीचे वडील केळीच्या बागेसाठी मागे राहिले, कारण कापणीचा हंगाम सोडला असता तर पुढचा खर्चच निघाला नसता. मी आणि माझा भाऊ तिला घेऊन टाटा रुग्णालयात गेलो. पहिला महिना सर्वांत कठीण होता. पाठीच्या मणक्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनच्या दिवशी ती माझा पदर सोडत नसे. स्टिरॉइडमुळे तिचा चेहरा सुजला, ती चिडचिडी झाली आणि तिला अशी भूक लागू लागली की रात्री उठून ती वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी मागे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आमच्यासारखीच कुटुंबे होती. त्यांच्यातल्याच एका बाईने मला काऊंट (रक्तातील पेशींची संख्या) म्हणजे काय, ते पडले की काय जपायचे आणि कोणते पदार्थ वर्ज्य करायचे, हे माझ्या भाषेत सांगितले. कच्ची कोशिंबीर, बाहेरचे पाणी, शिळे अन्न हे सारे बंद झाले. जाड सालीची फळे धुऊन, सोलून चालत होती, त्यामुळे आमच्या घरची केळी तिला खाता आली आणि घरी बसलेल्या तिच्या वडिलांना आपण काहीतरी पाठवू शकतो याचे फार समाधान वाटले.

सुरुवातीचे कडक उपचार झाल्यावर पुढचा दीर्घ काळ घरी राहून रोज एक गोळी आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या गोळ्या, अशी औषधे चालतात. सगळे मिळून दोन ते अडीच वर्षे जातात. मला सर्वांना कळकळीने सांगायचे आहे ते याच काळाविषयी. मूल धावू लागते, केस परत येतात, पाहुणे म्हणतात की आता कशाला ते विष पोटात घालता, आणि घरातल्या माणसांनाही तसेच वाटू लागते. त्या गोळ्या आजार परत येऊ नये म्हणून असतात आणि मूल चांगले दिसत असतानाच त्या द्यायच्या असतात. आम्ही गोळ्यांची वही ठेवली, रक्त जळगावला तपासून अहवाल मुंबईला कळवला आणि एक पिशवी कायम भरून ठेवली, कारण काऊंट कमी असताना ताप आला तर सकाळची वाट पाहायची नसते, त्याच घटकेला रुग्णालय गाठायचे असते. आज तिचे उपचार पूर्ण झाले आहेत आणि ती चौथीत आहे.

आश्रमशाळेतील शिक्षक, धडगाव तालुका

मी पालक नाही, परंतु ज्या मुलाविषयी लिहीत आहे त्याच्या आईवडिलांनी मला लिहायला सांगितले आहे. ते पावरी बोलतात. त्यांना मराठी थोडी समजते, लिहिता येत नाही.

आमच्याकडे सातपुड्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, त्यामुळे एखाद्या मुलाचे हाड दुखू लागले की पहिला संशय तिकडेच जातो. या मुलाचा गुडघा दुखत होता. सिकलसेलची तपासणी झाली आणि त्यात काही निघाले नाही. तोवर गुडघ्याच्या वर सूज दिसू लागली होती आणि रात्री वेदनेने त्याला झोप येत नव्हती. गावच्या बुवांकडेही नेऊन झाले होते. त्याबद्दल मी त्या कुटुंबाला बोल लावत नाही, कारण डोंगरात रात्री हाकेला ओ देणारे तेच एक माणूस असते. शाळेत आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने पाय पाहून त्याला नंदुरबारला पाठवले, तेथे क्ष-किरण चित्र काढले गेले आणि पुढे मुंबईत हाडाचा कर्करोग असल्याचे ठरले. वाढत्या वयातल्या मुलांमध्ये तो गुडघ्याजवळ बऱ्याचदा होतो.

पाड्यावरून जीपने धडगाव, धडगावहून एस. टी. ने नंदुरबार आणि तेथून रेल्वेने सुरतमार्गे मुंबई, असा तो प्रवास आहे. काही फेऱ्या केमोच्या (कर्करोगावरील औषधांच्या) झाल्या आणि होळीला हे कुटुंब घरी आले. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण आहे. त्या दिवसांत माणूस कोठेही असला तरी पाड्यावर परततो. सण झाल्यावर मात्र ते परत जाईनात. पाय कापतील अशी भीती होती, मजुरी बुडाली होती, आणि मुंबईत आपले बोलणे कोणाला कळत नाही याचे दुःख आईला सर्वांत जास्त होते. गावच्या आशा कार्यकर्त्या ताई, मुलाचा मामा आणि मी, आम्ही त्यांच्या अंगणात बसून बोललो. रुग्णालयातील समाजसेविकेला दूरध्वनी लावला आणि मामाने तिचे म्हणणे पावरीत सांगितले : केमो वेळेवर झाली तर गाठ काढून हाडाच्या जागी धातूचा सांधा बसवता येण्याची शक्यता आहे, पण उशीर झाला तर ती शक्यता कमी होत जाईल. आम्हाला अजून पटते की त्या दिवशी निर्णय फिरला तो आम्ही मोठा युक्तिवाद केल्यामुळे नव्हे, तर मामा पुढच्या सर्व फेऱ्यांना बरोबर यायला तयार झाला म्हणून. मुलाचा पाय वाचला. तो लंगडतो, डोंगर चढताना थकतो, पण पुन्हा शाळेत आला आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. असे मूल वर्गात परतण्याआधी बाकीच्या मुलांशी बोलावे. कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, हे शिक्षकाच्या तोंडून ऐकले की मुले ते घरी जाऊन सांगतात आणि आयाबाया ऐकतात.

मोठी बहीण, अमळनेर

घरातल्या दुसऱ्या मुलांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. माझा भाऊ आजारी पडला तेव्हा मी सातवीत होते. आईबाबा त्याला घेऊन गेले आणि मी आजीपाशी राहिले. मला कोणी काही सांगितले नव्हते. घरी येणारी माणसे हळू आवाजात बोलत आणि मला पाहिले की गप्प होत. मी कधीतरी त्याला ढकलले होते, त्यामुळे हे झाले असे मला वाटत राहिले आणि ते मी कोणालाच सांगितले नाही. आजी अहिराणीत एवढेच म्हणायची, “आंडेर (पोरी), धीर धर, तुना भाऊ बरा व्हई जाई.” अखेर वडिलांनी एका सुट्टीत मला मुंबईला नेले. तेथल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितले की हा आजार ढकलल्याने, पडल्याने किंवा कोणाच्या वागण्याने झालेला नाही. तेव्हा माझ्या मनावरचे ओझे उतरले. घरी दुसरे मूल असेल तर त्याला खरे सांगा, त्याच्या वयाला झेपेल एवढे सांगा, पण सांगा.

आई, धुळे

आमच्या बाळाच्या जावळाचे फोटो पाहताना एका डोळ्यात लाल ठिपक्याऐवजी पांढरी चमक दिसली. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, असा ओळखू येतो आणि तो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. तो एक डोळा काढावा लागला आणि आता कृत्रिम डोळा बसवला आहे. काही मुलांमध्ये हा आजार आनुवंशिक असतो, त्यामुळे धाकट्या मुलीच्या डोळ्यांची जन्मल्यापासून तपासणी चालू आहे. फोटोतली पांढरी चमक प्रत्येक वेळी आजाराचीच असते असे नाही, तरी ती पुन्हा पुन्हा दिसली तर नेत्रतज्ज्ञाला दाखवण्यात एका दिवसाचाही विलंब करू नये.

वडील, शहादा तालुका

आमचा मुलगा राहिला नाही. येथे लिहावे की नाही याचा पुष्कळ विचार केला, कारण ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना माझ्या लिहिण्याने खचल्यासारखे वाटू नये. पण आमच्यासारखी कुटुंबेही आहेत.

उपचार पूर्ण झाल्यावर आजार उलटला. दुसऱ्यांदा उपचार केले आणि त्यानंतर डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगितले की आता बरे करण्यासाठी औषध देण्यात अर्थ नाही, पण त्याला दुखू नये यासाठी बरेच काही करता येईल. त्यांनी मॉर्फिन कसे द्यायचे, तोंड कोरडे पडले तर काय करायचे, श्वास लागला तर कसे बसवायचे, हे माझ्या पत्नीला आणि मला शिकवले. शेवटचे महिने तो घरी होता, चुलतभावंडांत होता आणि बहुतेक दिवस त्याला वेदना नव्हत्या. मॉर्फिनला घाबरून काही लोक ते देत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात ते देणे हे मुलाला मारणे नाही, त्याचे दुखणे थांबवणे आहे.

लोक मला विचारतात की एवढे करून काय मिळाले. जमिनीचा तुकडा गहाण पडला आहे, हे खरे आहे. त्याला दुखत असताना आम्ही त्याच्याजवळ होतो आणि जे करता येण्याजोगे होते ते केले, एवढे उत्तर मी देतो. जो कोणी शोक करणाऱ्या घरी जाईल त्याने हा प्रश्न विचारू नये.

स्वतः बरा झालेला, चाळीसगाव

मी लहानपणी ल्युकेमियातून बरा झालो आणि आता औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन नोकरी करतो. शिकताना मला कळले की मी ज्या मेथोट्रेक्झेट नावाच्या गोळ्या आठवड्याला घेत होतो, त्या औषधाच्या जन्मामागे आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे संशोधन आहे. त्याच कुळातील औषधाने १९४८ साली सिडनी फार्बर यांनी मुलांचा ल्युकेमिया काही काळासाठी आटोक्यात आणून दाखवला. माझ्या वहीत ते नाव लिहिताना मला फार भरून आले होते.

बरे झालेल्यांसाठी एक गोष्ट सांगतो. उपचार संपले म्हणजे तपासण्या संपल्या असे नसते. काही औषधांचा परिणाम हृदयावर, हाडांवर किंवा वाढीवर बऱ्याच वर्षांनी दिसू शकतो, म्हणून ठरल्या वेळी हृदयाची इको तपासणी करावी. टाटा रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग १९९१ पासून चालतो. लग्नाच्या बोलण्यांत मी आजार लपवला नाही. एक-दोन स्थळे मोडली. ज्या घरी जमले, ते सारे माहीत असून जमले आहे.

वडील, पारोळा तालुका

आमच्या मुलीच्या पोटात गाठ आहे आणि ती मूत्रपिंडाची असल्याचे धुळ्याला सांगितले. दोन दिवसांत मुंबईला निघायचे आहे. बरोबर काय न्यावे आणि खर्चाचे काय करावे, हे कोणी सांगेल काय?

आई, रावेर तालुका

दादा, सर्वांत आधी एक सांगते : तिचे पोट कोणालाही दाबून पाहू देऊ नका आणि प्रवासात तिला पोटावर मार लागणार नाही असे जपा, मूत्रपिंडाच्या गाठीत हे फार महत्त्वाचे आहे. लहान मुलांमधली ही गाठ पुष्कळदा पूर्ण बरी होते, त्यामुळे मन घट्ट ठेवा.

कागदांत शिधापत्रिका, तिघांची आधार कार्डे, मुलीचा जन्मदाखला आणि आतापर्यंतचे सर्व अहवाल मूळ प्रतींसह घ्या. सोनोग्राफीची फिल्म घडी न घालता ठेवा. मुलीचे नाव शिधापत्रिकेवर चढले आहे का, हे आजच पाहा. आमच्या वेळी ते नव्हते आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे काम त्यामुळे अडले होते. रुग्णालयात योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना पहिल्याच दिवशी भेटा आणि समाजसेवा विभागातही नाव नोंदवा, म्हणजे राहण्याची सोय, औषधे आणि मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज यांची वाट कळते. रेल्वेच्या सवलतीचा नमुना तेथेच भरून मिळतो. शयनयान डब्यात रुग्णाला पूर्ण आणि बरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत असते, ती परतीपासून वापरता येईल.

उकळून गार केलेले पाणी, तिचे रोजचे ताट-वाटी, दोन सुती चादरी, तापमापक आणि तिचे एखादे आवडते खेळणे घ्या. रक्त द्यावे लागते, म्हणून गावातल्या दोन-तीन धडधाकट मुलांना आधीच विचारून ठेवा. चाळीसगावहून रात्रीची गाडी धरली तर पहाटे दादरला उतरता येते. माझे भाऊ त्या दिवशी मुंबईतच आहेत. तुमची गाडी ठरली की येथे लिहा, ते फलाटावर येतील.