जुन्या पीसीत नवा पार्ट: बसला, पण चालला का?

मंडळी, धागा ठाणे-नवी मुंबईकरांसाठी काढतोय. दुकानात "बसेल हो, बिनधास्त न्या" म्हणून दिलेला पार्ट घरी खाचेत अलगद बसतो आणि मशीन मात्र उठत नाही. मग बदलायला ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, पुढे चालत लॅमिंग्टन रोड. अर्धा दिवस गेलाच. तर चिपसेट (मदरबोर्डाची मुख्य चिप; एच११०, बी४५० ही तिचीच नावं), पार्टचं नाव आणि नेमकं कुठे अडतं तेवढं लिहा, वर आपलं ठिकाण टाका. "विंडोजच बेकार" याला वेगळा धागा काढा.

सुरुवात प्रोसेसरपासून. इंटेलचं ११५१ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) सगळ्यात जास्त फसवतं. ६व्या-७व्या पिढीचे प्रोसेसर १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डांवर, ८व्या-९व्या पिढीचे ३०० सिरीजवर. सॉकेटचा आकडा तोच, प्रोसेसर बसतोही, पण पिनांची कामं बदललेली. त्यामुळे १०० सिरीजच्या एच११० बोर्डासाठी सेकंडहँड आय५ ८४०० स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. १२०० सॉकेटवर ११वी पिढी लावायची तर एच५१० किंवा बी५६० बोर्ड बघा. एच४१०, बी४६० असेल तर बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये प्रोसेसरचं नाव दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

वागळे इस्टेट

एएमडीवाल्यांसाठी. बी४५० बोर्डावर रायझन ५ ५६०० छान चालतो, पण क्रम चुकला की काळा पडदा. जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस (मशीन उठवणारा, बोर्डातच असलेला प्रोग्रॅम) अपडेट करायचा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून फाइल त्यावर टाका आणि बायोसमधल्या अपडेट मेनूतूनच चढवा. यूपीएसशिवाय हात लावू नका; पावसाळ्यात महावितरणच्या भरवशावर बायोस चढवणं म्हणजे जुगार. बायोसची चिप लहान असल्याने काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलेला असतो. त्यामुळे परतीचा रस्ता आहे का, ते अपडेटच्या पानावर आधीच वाचा.

ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. प्रोसेसर बदलला की टीपीएम (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग) बदलतो आणि विंडोज ती की मागतं.

आता कूलर. एएम४ मध्ये (बी४५० चं सॉकेट) पिना प्रोसेसरलाच असतात. प्रोसेसर-कूलरमधली पेस्ट वाळलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. एखादी पिन वाकलीच. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा पिळा. सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला.

आणि ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. आधी २२००जी किंवा ३४००जी असेल आणि मॉनिटरची वायर बोर्डाला लावलेली असेल, तर नव्या प्रोसेसरवर चित्रच येणार नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६००जी घ्या. इंटेलमध्ये नावापुढे एफ असलेल्यांचंही तेच.

कोपरखैरणे

रॅम. डीडीआर३, ४, ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. स्टिक बसत नसेल तर ती चुकीची आहे, अंगठ्याचा जोर नको. बी७६० बोर्ड डीडीआर४ चेही येतात आणि डीडीआर५ चेही, नाव जवळजवळ सारखंच. डबा नीट वाचून घ्या.

दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट (ए२, बी२). वेग सगळ्यात हळू स्टिकचा मिळतो, आणि तोही बोर्ड-प्रोसेसर देतील तेवढाच. एच५१० वर आय५ १०४०० असेल तर ३२०० ची रॅम २६६६ वरच चालते. दुकानदार हे सांगत नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर चार स्टिक लावाल तर रायझन ७००० वर रॅमचा अधिकृत वेग ३६०० वर येतो, म्हणून ३२ जीबी हवी असेल तर १६ च्या दोनच घ्या. पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं पडदा काळा राहतो, रॅमचं ट्रेनिंग चालू असतं. घाबरून बटण दाबू नका.

जुन्या स्टिकवर डिस्प्ले येत नसेल तर, विशेषतः खाडीच्या हवेत राहणाऱ्यांनी, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने हलकी घासावी आणि भुगा ब्रशने झटकावा. स्लॉटमध्ये भुगा गेला तर नवं दुखणं.

घोडबंदर रोड

एसएमपीएसवर (पीसीला वीज देणारा डबा) "४५० वॅट" मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ते सोडा. स्टिकरवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर आहेत ते बघा. १६ असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनी त्यातच भागवायचं. कार्डला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनमधून आणखी ७५, ८ पिनमधून १५०. मोलेक्सवरून (जुना चार पिनी प्लग) ८ पिन करणारा कन्व्हर्टर घेऊ नका, प्लास्टिक वितळतं.

प्रोसेसरची ८ पिन (४+४) आणि कार्डची ८ पिन (६+२) वेगळ्या. १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट आहेत. मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) एसएमपीएस बदलला तर जुन्या केबली त्याच्याबरोबरच काढा. एसएमपीएसच्या टोकाची जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. जुनी केबल लागते, आणि हार्ड डिस्क जळते.

ऑफिसातून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप घेणाऱ्यांनी बोर्डाला जाणारी वायर आधी बघावी. २४ पिन नसेल तर बाजारचा एसएमपीएस थेट लागणार नाही.

नेरूळ

जुना ११५१ किंवा १२०० चा कूलर इंटेलच्या १७०० सॉकेटवर लावताना: भोकांमधलं अंतर ७५ चं ७८ मिमी झालंय. वेगळा ब्रॅकेट लागतो. ओढूनताणून लावलात तर दाब तिरका पडतो.

ऐरोली

एच६१ बोर्ड, आय५ ३४७०, ८ जीबी डीडीआर३. दुकानदार एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) कार्ड-अडॅप्टरसकट घ्या म्हणतोय. घेऊ का?

कळवा

नका घेऊ. अडॅप्टर स्लॉटमध्ये बसेल, विंडोजला ड्राइव्ह दिसेलही, पण त्या काळच्या बायोसमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर नसतो, त्यामुळे त्यावरून बूट होत नाही. साधी २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच वायरने लागणारी) एसएसडी घ्या. एच६१ वर साटा २ असल्याने वेग अर्धाच मिळेल, तरी हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी बरं. रॅम ८ च्या दोन स्टिक, एकूण १६ जीबी, त्यापुढे हा बोर्ड जात नाही. विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा लिनक्स मिंट टाकून बघा.

नव्या बोर्डवाल्यांना पण सांगतो: दोन खाचांची एम.२ स्टिक (थेट बोर्डावर लागणारी चपटी एसएसडी) बहुधा साटा असते. ती फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्येही बसते, फक्त दिसत नाही. काही बोर्डांवर एम.२ लावलं की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात आणि हार्ड डिस्क "गेली" असं वाटतं. वायर दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

आणि एम.२ चा तो बारीक स्क्रू बोर्डाच्या डब्यातल्या पिशवीत असतो. तो डबा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेला असेल तर एम२ गुणिले ३ मिमी असं सांगून मोबाइल रिपेअरवाल्याकडे मागा.