मदत हवी आहे: हजाराच्या आत वायरचे इअरफोन, कान न दुखणारे

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. रात्री घरचे झोपले की तासभर शास्त्रीय गाणं ऐकतो, त्यासाठी वायरचेच इअरफोन हवेत. चार्जिंगची कटकट नको.

आधीचे नवी पेठेतून ३५० रुपयांना घेतले होते. डग्गा इतका घुमायचा की तानपुरा त्याखाली पार गाडला जायचा. त्यात उजवा कान वीस मिनिटांत ठणकायला लागायचा. डब्यातली छोटी रबरी बोंडं (कानात जाणारी टोकं) लावली तर दुखणं थांबलं, पण ती नीट बसेनात आणि बास गायब! कानात फट राहिली की असं होतं, हे तेव्हा कळलं. शेवटी पिनेपाशी वायर तुटली.

आता बजेट १००० रुपये. आवाज स्वच्छ हवा, गायकाचा गळा पुढे यावा. फोमची बोंडं कानाला खरंच मऊ पडतात का? उन्हाळ्यात इथे घामाच्या धारा लागतात, त्यात ती टिकतील का? आणि फोनला ३.५ मिमीचं भोक नाही, तर थेट टाइप-सी घेऊ की साधे घेऊन डॅकवालं (फोनमधल्या डिजिटल आवाजाचा इअरफोनला चालणारा सिग्नल करणारी चिप असलेलं) कनेक्टर लावू?

स्वतः वापरलेलं मॉडेल सांगा, प्लीज. सोलापुरात कुठे कानात घालून बघू देत असतील तर तेही कळवा.