'खापर फोडणे' आणि 'ठपका ठेवणे' यांतील फरकाविषयी मदत हवी आहे

एका चौकशी अहवालाच्या मसुद्याचे मुद्रितशोधन करताना 'समितीने दुर्घटनेचे खापर देखभाल विभागावर फोडले' हे वाक्य माझ्यासमोर आले. त्याऐवजी 'समितीने देखभाल विभागावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला' अशी दुरुस्ती मी सुचवली. परंतु दोन्ही वाक्प्रचारांचा अर्थ दोषी ठरवणे हाच असून फरक फार तर बोलभाषा आणि ग्रांथिक भाषा यांचा आहे, असे मसुदा लिहिणाऱ्या सहकाऱ्यांचे मत पडले. मला ते पटत नाही. 'खापर फोडले' असे वाचले की फोडणारा स्वतःची मान सोडवून घेत आहे, अशी शंका येते आणि मग विभागाऐवजी समितीच संशयास्पद वाटू लागते. ही छटा खरोखर त्या शब्दांत आहे की माझ्याच मनात, आणि 'खापर' येथे आले कोठून, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

छटा शब्दांतच आहे. पडताळा घ्यायचा असेल, तर आधी कोणते षष्ठ्यन्त पद, म्हणजे चा-ची-चे लागलेला शब्द, येते ते पाहावे. खापर पराभवाचे, अपयशाचे, नुकसानीचे, म्हणजे घडून गेलेल्या वाईट परिणामाचे असते. ठपका हलगर्जीपणाचा, दिरंगाईचा, म्हणजे नेमक्या त्रुटीचा असतो आणि तो ठेवणाऱ्याला बहुधा तसा अधिकार असतो. आळ मात्र चोरीचा, फितुरीचा, म्हणजे कृत्याचा असतो व तो खोटा असण्याची शक्यता त्यात गृहीतच असते. 'पराभवाचा आळ' असे कोणी म्हणत नाही. दुसरी कसोटी स्वतःची. 'तिने स्वतःला दोष दिला' हे सहज वाटते, पण 'तिने स्वतःवर खापर फोडले' हे अडखळते, कारण खापर फोडायला दुसऱ्याचे डोके लागते.

'खापर' हा शब्द संस्कृत 'खर्पर'वरून आला आहे. त्याचा रूढ अर्थ फुटक्या मडक्याचा तुकडा असा असला, तरी तुकडा पुन्हा काय फोडणार? त्यामुळे येथे मातीचे भांडे हा त्याचा दुसरा अर्थ घेतला, तरच 'फोडणे' हे क्रियापद जुळते. तुलनेने 'आरोप' किती सौम्य आहे पाहा. त्याचा मूळ अर्थ वर ठेवणे, चढवणे एवढाच असून 'वृक्षारोपण' त्याच कुळातले आहे, आणि रूपक अलंकारात उपमेयावर उपमानाचा आरोप होतो तेव्हा त्यात कोणाचीही निंदा नसते.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. षष्ठीची कसोटी सहकाऱ्यांनाही पटली आणि वाक्य बदलले. मात्र त्यांनी लगेच नवा पेच टाकला. 'त्याने भावावर आळ घेतला' यात तो दोष देणारा ठरतो, तर 'भावाला वाचवण्यासाठी त्याने आळ स्वतःवर घेतला' यात तोच दोष सोसणारा होतो. क्रियापद तेच असताना अर्थ असा उलटा फिरणारे, दोष देण्याच्या अर्थाचे आणखी वाक्प्रचार कोणाला आठवतात का?