टायरची हवा उतरते, पंक्चर सापडत नाही

प्रश्न: स्कूटरचं मागचं ट्यूबलेस टायर. रविवारी २९ पीएसआय हवा भरली की गुरुवारपर्यंत १५ वर. पंक्चरवाल्याने दोनदा पाहिलं, खिळा नाही. आईला मागे बसवून फिजिओथेरपीला नेतो, जीव टांगणीला लागतो.

उत्तर १: दादा, आधी व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर थुंकी लावा. फुगा धरला तर आतली पिन गेली.

उत्तर २: भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी रिमच्या कडेला ब्रशने लावा आणि पाच मिनिटं थांबा. घाई नको! बारीक गळतीला मोहरीएवढा फेस सावकाश जमतो. माझ्या रिमला गंज होता, तिथूनच जायची.

प्रश्नकर्ता: सापडलं! व्हॉल्व्हच्या बुडाशी रबराला चीर आहे. व्हॉल्व्ह बोटाने वाकवला की बुडबुडे, सोडला की बंद. उद्या सकाळीच बदलतो. मनापासून आभार.