मदत हवी आहे: ताम्हिणीत पोर्ट्रेट काढताना चेहरा हिरवट येतो

मंडळी, ऑगस्टमध्ये ताम्हिणी घाटात मावसबहिणीचे फाइन आर्ट पोर्ट्रेट काढायचेत. कुंकवाच्या रंगाची सुती नऊवारी, मोकळे केस, मागे धुकं. बस. प्रॉप्सची गर्दी मला झेपत नाही. लेन्स ८५ एमएम, एफ/१.८.

अडचण अशी, की दाट झाडीखाली गालांवर आणि हनुवटीखाली हिरवट झाक येते. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातलं रंगांचं संतुलन) चेहऱ्याला जुळवला की मागचं धुकं जांभळट होतं. खालून पांढरा रिफ्लेक्टर धरला तर तो झाडीतून येणारा हिरवट उजेडच परत फेकेल ना? की पायाशी काळं कापड अंथरून गवताचा उजेड अडवावा? फ्लॅश शक्यतो टाळतोय, धुकंच उजळतं त्याने.

शिवाय, शनिवार-रविवारची गर्दी सोडून, आभाळ मोकळं दिसेल आणि साडी नीट नेसता येईल अशी जागा कुणाला माहीत आहे का? धबधब्याजवळची नको.