परदेशात राहताना जवळून दिसलेली गरिबी – तुमचे अनुभव लिहा

मी गेली सहा वर्षं नैरोबीत राहते. आल्या आल्या सवय लागली ती एम-पेसाची. फोनवरून पैसे देण्याची ही सोय केनियात 2007 पासून आहे आणि तिला स्मार्टफोन लागत नाही, साधा बटणांचा फोन पुरतो. कोपऱ्यावरची 'मामा म्बोगा', म्हणजे भाजीवाली, जुडीभर पालेभाजीचे पैसेही त्यावरच घेते. एवढी सोय गरिबातल्या गरिबापर्यंत पोचलेली पाहून मी भारावून गेले होते.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाई किबेरा या इथल्या झोपडपट्टीत राहतात. आमच्या इमारतीचं पाणी गेलं की वॉचमन टँकर बोलावतो आणि दोन तासांत टाकी भरते. बाई मात्र रोजच 20 लिटरचे कॅन विकत घेतात. एकदा आम्ही दोघींनी कागदावर हिशोब मांडला, तर त्यांचं लिटरभर पाणी माझ्या नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट महाग निघालं. पाण्याचे पैसेही त्या फोनवरून देतात. पैसे द्यायची सोय दारात आली, नळ नाही आला.

मागच्या वर्षी आमच्या पाहुण्यांना मसाई माराचं अभयारण्य पाहून झाल्यावर 'किबेरा टूर' करायची होती. गाईड वस्तीतून फिरवून आणतात. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "येऊ देत, फक्त आमच्या अंघोळीच्या वेळेला नको." मी ती टूर रद्द केली. बरोबर केलं का, अजून कळत नाही. तुम्ही काय पाहिलंत, काय केलंत?

*

कंबोडियात सिएम रीपच्या एका हॉटेलात मी चार वर्षं कामाला होतो. 2017 मध्ये तिथल्या अंगकोरच्या प्राचीन मंदिरांचं एका दिवसाचं तिकीट 20 वरून 37 डॉलर झालं तेव्हा पाहुणे कुरकुरले. तेच पाहुणे अनाथाश्रमाला भेट द्यायची म्हटलं की खिसा मोकळा सोडत. मुलं नाच करून दाखवत, पाहुणे डोळे पुसत, फोटो काढत. अशा भेटी ठरवून देणं माझ्याच कामात होतं. एकदा गाडीची वाट बघताना एका सात-आठ वर्षांच्या मुलाला माझ्या मोडक्यातोडक्या ख्मेर भाषेत विचारलं, आई कुठे आहे? म्हणाला, "शेतावर." नंतर कळलं, कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांचा पैसा मुलांमागे येतो, म्हणून मुलं तिथे ठेवली जातात. त्यानंतर मी एकही भेट ठरवली नाही. त्याआधी किती ठरवल्या ते आठवतं, आणि त्याचा त्रास होतो.

*

नैरोबीच्या ताई, टूर सरसकट वाईट असं मला वाटत नाही. केपटाउनला असताना आम्ही लांगा टाउनशिपमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या एका गरीब वस्तीत, एका आजींच्या घरी पैसे देऊन राहिलो होतो. वेळ त्यांनी ठरवलेली, किती खोल्या दाखवायच्या तेही त्यांनीच. फरक तिथे पडतो.

पाण्याचं वाचून मात्र 2018 आठवलं. धरणं आटली होती आणि फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा आली. शॉवरखाली बादली ठेवायची, तेच पाणी संडासात ओतायचं. आमच्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. आमच्याकडे साफसफाई करणाऱ्या काकू खायेलित्शा या दुसऱ्या टाउनशिपमधून येत. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या गल्लीचा नळ पहिल्यापासूनच सगळ्यांत एक आहे." मला खूप लाज वाटली.

*

माझा अनुभव बर्लिनचा, म्हणजे श्रीमंत देशातला. इथे प्लॅस्टिकची बाटली घेताना 25 सेंट अनामत द्यावी लागते, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. स्वच्छ, सोपं. पहिल्या हिवाळ्यात स्टेशनवर एक आजोबा दिसले, इस्त्रीचा कोट, हातात टॉर्च. कचऱ्याच्या डब्यात टॉर्च मारून ते बाटल्या शोधत होते. मी पाहतेय हे लक्षात येताच त्यांनी टॉर्च विझवला आणि गाडीची वाट पाहत असल्यासारखे उभे राहिले.

इथे बरेच लोक बाटली डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी ठेवतात, कोणाला हात आत घालावा लागू नये म्हणून. मीही आता तसंच करते, आणि ठेवली की लगेच तिथून निघते.